हाक की कात्री?



दर वर्षी या सदरात मी संगणकाची एखादी गोष्ट घरातल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. गेल्या वर्षी पासवर्डबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर तीन-चार जणांचे फोन आले, की तुझा लेख वाचून पासवर्ड बदलला आणि आता नवा आठवत नाही! यंदाची गोष्ट मात्र माझ्याच हातून झालेल्या चुकीची आहे. कुणाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. ती टळली ती माझ्या हुशारीमुळे नव्हे, एका काकूंच्या नजरेमुळे.

गेल्या दिवाळीत आपण मंडळातर्फे फराळाची पाकिटं केली होती. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंजी, बेसनाचे लाडू, काजूकतली. ऑर्डरी इतक्या आल्या की वहीवर हिशोब जमेना. "मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहून देते," असं मी बैठकीत बोलून बसले. प्रोग्रॅमला कामं दोनच होती. पाकिटांच्या किमतीचा आणि वजनाचा हिशोब ठेवायचा आणि प्रत्येक पाकिटावर लावायचं लेबल छापायचं. लेबलावर पदार्थाचं नाव, वजन, किंमत आणि शेवटच्या ओळीत ॲलर्जीची सूचना.

ही शेवटची ओळ किती मोलाची आहे ते इथं इंग्लंडात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण तिकडच्या नातेवाइकांसाठी सांगते. २०१६ साली नताशा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीचा सँडविचमधल्या तिळामुळे मृत्यू झाला. त्या पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा लागू झाला. दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या खाण्यावर सगळे घटक लिहायचे आणि ॲलर्जीचे घटक ठळक करायचे, असा तो नियम. या घटकांची १४ जणांची यादी आहे. आपल्या ताटाकडे बघा: चकलीत तीळ, चिवड्यात शेंगदाणे आणि फोडणीत मोहरी, शंकरपाळ्यात मैदा, लाडवात तूप, कतलीत काजू. चौदापैकी सहा तर एका ताटातच निघाले. आपण लेबल लावतो ते नुसतं कायद्यासाठी नाही, आपल्याच मराठी शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक मुलगा येतो आणि त्याची आई पर्समध्ये ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घेऊनच फिरते, म्हणून.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये लेबलं चिकटवण्याचं काम सुरू होतं. तेवढ्यात काकूंनी मला हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये. चिवड्यावर 'विशेष सूचना नाही' असं आलंय. आपण दाणे घातलेत ना?"

घातले होते. चिवड्याचं राहू द्या, चकली, कतली, लाडू, सगळ्यांवर तेच छापलेलं: विशेष सूचना नाही. नाव बरोबर, वजन बरोबर, किंमत पेनीपर्यंत बरोबर आणि शेवटची ओळ सरसकट खोटी. आम्ही सगळी लेबलं काढली आणि मार्करनं हातानं लिहायला बसलो. विक्री तासभर उशिरा सुरू झाली. कुणी मला काही बोललं नाही, पण मला मात्र दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

रात्री घरी येऊन प्रोग्रॅम उघडला. चिवड्याची सूचना मी लिहिलेली होती, जागच्या जागी होती. मग छापताना गेली कुठे?

आता थोडं मागे जाते. त्याच आठवड्यात सोमवारी पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला होता. ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"मावशी, उद्या व्हायवा आहे. सबक्लासचा ऑब्जेक्ट पेरेंट क्लासमध्ये कन्व्हर्ट कसा करायचा, पटकन सांग ना."

मी चिवड्याची कढई ढवळत होते. मी म्हटलं, "कन्व्हर्ट काही करावं लागत नाही गं. चकली ही पदार्थ असतेच की! तिला नुसतं 'पदार्थ' म्हणून हाक मारायची. आत ती चकलीच राहते, काही हरवत नाही."

तिनं ते लिहून घेतलं. मलाही माझं उत्तर आवडलं. ते उत्तर अर्धंच खरं होतं आणि उरलेल्या अर्ध्यानं शनिवारी मला गाठलं.

संगणकाच्या वाटेला न गेलेल्यांसाठी आधी दोन शब्दांची ओळख. क्लास म्हणजे साचा. करंजीचा साचा एक, त्यातून निघणाऱ्या करंज्या अनेक. साच्यातून निघालेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. मी 'पदार्थ' नावाचा एक मूळ साचा केला होता. त्यात नाव, वजन, किंमत आणि 'सूचना सांग' असं एक काम होतं. या मूळ साच्याला पेरेंट क्लास म्हणतात. त्यावरून मी चिवडा, चकली, लाडू असे पुढचे साचे केले. हे सबक्लास. चिवड्याला पदार्थाचं सगळं आपोआप मिळतं, शिवाय त्याचं स्वतःचं असतं: दाणे किती, तिखट किती. आणि 'सूचना सांग' म्हटल्यावर तो स्वतःचं उत्तर देतो: शेंगदाणे, मोहरी.

एवढा खटाटोप का? तर हिशोब करणाऱ्याला चिवडा आणि चकली यातला फरक कळायची गरज पडू नये म्हणून. त्याला म्हणायचं, हे सगळे पदार्थ आहेत, किमती मिळव. उद्या कुणी अनारसे आणले तर अनारशाचा नवा साचा करायचा, हिशोबाच्या भागाला हातही लावायचा नाही. सबक्लासच्या वस्तूकडे असं पेरेंट म्हणून पाहण्याला अपकास्टिंग म्हणतात. त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही, कारण प्रत्येक चिवडा हा पदार्थ असतोच.

ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेमध्ये ऑस्लोच्या संगणक केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी सिम्युला ६७ ही भाषा केली. नावातच तिचं साल आहे, १९६७. क्लास, सबक्लास आणि 'प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यावं' ही सोय तिच्यात होती. या कामासाठी २००१ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे या विचाराला शिस्त लावली अमेरिकेतल्या बार्बरा लिस्कोव्ह यांनी. १९८७ साली एका परिषदेतल्या भाषणात त्यांनी जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: जिथं पेरेंट चालतो तिथं सबक्लास ठेवला तर कुणाची फसगत होता कामा नये. पदार्थानं 'वजन ग्रॅममध्ये सांगेन' असा शब्द दिला असेल आणि करंजीनं मात्र '१२' असं नगात सांगितलं, तर करंजी नावाला पदार्थ झाली, वागण्यानं नाही. लिस्कोव्ह यांनाही २००८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता मुद्द्याची गोष्ट. पेरेंट म्हणून पाहण्याच्या तऱ्हा दोन आहेत. मी भाचीला एकच सांगितली.

पहिली तऱ्हा हाकेची. वस्तू जागची हलत नाही, तुमच्या हातात तिचा नुसता पत्ता असतो. संगणकाच्या भाषेत याला रेफरन्स किंवा पॉइंटर म्हणतात. पत्त्यावर 'पदार्थ' लिहिलेलं आहे म्हणून तुम्ही पदार्थाला विचारता येतील तेवढेच प्रश्न विचारू शकता. तिखट किती, असं विचारलंत तर कंपायलर अडवतो. पण 'सूचना सांग' असं म्हटलंत की उत्तर खुद्द चिवडाच देतो. इथल्या सरकारी फॉर्मवर आपण 'एशियन – इंडियन' या चौकटीत खूण करतो, तसंच हे. फॉर्म वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं, पण त्यामुळे सांगलीच्या माणसाची सांगली जात नाही. त्याच्याशी बोलायला गेलात की दुसऱ्या वाक्याला कळतंच.

दुसरी तऱ्हा कात्रीची. यात पत्ता नसतो, नवी प्रत केली जाते, आणि ती पेरेंटच्या मापाच्या डब्यात. समजा पदार्थाला स्मृतीत ४० बाइट जागा लागते आणि चिवड्याला ५६. ४० च्या डब्यात ५६ कसे मावणार? पदार्थाचा भाग तेवढा उतरवून घेतला जातो आणि चिवड्याचं स्वतःचं जे काही होतं ते प्रतीत येतच नाही. सी प्लस प्लस या भाषेत याला ऑब्जेक्ट स्लाइसिंग म्हणतात. स्लाइस म्हणजे काप. नाव अगदी चपखल आहे.

यात आणखी एक बारकावा आहे आणि माझी चूक नेमकी तिथंच लपली होती. अशा प्रत्येक वस्तूच्या पोटात एक छुपी खूण असते: 'माझी कामं अमुक तक्त्यात पाहा.' चिवड्याची खूण चिवड्याच्या तक्त्याकडे बोट दाखवते. पण प्रत करताना ती खूण उचलली जात नाही. प्रत पेरेंट क्लासची, म्हणून तिला खूणही पेरेंटचीच मिळते. मग 'सूचना सांग' म्हटल्यावर ती कुणाचं उत्तर देणार? पदार्थाचं. आणि पदार्थाचं उत्तर म्हणून मी लिहून ठेवलं होतं: विशेष सूचना नाही.

मी सगळे फराळ एका यादीत भरले होते आणि ती यादी 'पदार्थांच्या प्रतींची' होती. पत्त्यांची नव्हती. यादीत टाकताक्षणी प्रत्येक चिवडा, प्रत्येक चकली कापली गेली. नाव, वजन, किंमत हे पदार्थाच्या भागात असल्यामुळे शाबूत राहिले, म्हणून हिशोब बिनचूक आला आणि हिशोब बिनचूक आला म्हणून मी निर्धास्त राहिले. चाचणी घेतली नव्हती असंही नाही. एक चिवडा करून त्याचं लेबल छापून पाहिलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. पण तो चिवडा यादीतून आलेला नव्हता, थेट होता. यादीतून जाऊन आलेलं पाकीट मी तपासलंच नाही.

मग भाषाच अशी का केली, असं कुणीही विचारेल. त्यालाही कारण आहे. सी प्लस प्लसचे जनक बियार्ने स्ट्राउस्ट्रप इथंच केंब्रिजला पीएचडी करत असताना सिम्युला वापरत होते. त्यांना तिची मांडणी आवडली, पण वेग फार कमी पडला. १९७९ पासून अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी या चपळ भाषेवर क्लासची कल्पना चढवायला सुरुवात केली. सिम्युलात वस्तू पत्त्यानंच हाताळायची असते. सी मध्ये मात्र वस्तू थेट डब्यात ठेवता येते आणि तिची प्रतही करता येते. वेगासाठी ती सोय राहिली आणि सोयीबरोबर ही कात्रीही आली. कंपायलर सहसा ब्र काढत नाही, कारण भाषेच्या नियमानं हे सगळं कायदेशीरच असतं.

जावामध्ये ही कात्री नाही. तिथं वस्तूच्या चलात नेहमी पत्ताच असतो, त्यामुळे पेरेंट म्हणून कितीही जणांच्या हातातून गेली तरी वस्तू अखंड राहते. उलट दिशेनं यायचं, म्हणजे पदार्थ म्हणून हातात आलेल्याला पुन्हा चिवडा म्हणायचं, तर ते स्पष्ट सांगावं लागतं. याला डाउनकास्टिंग म्हणतात. हातात खरंच चिवडा असेल तर ठीक, नाहीतर प्रोग्रॅम तिथल्या तिथं चूक दाखवून थांबतो. पण कापलेल्या प्रतीला असा परतीचा रस्ताच नसतो. ती आता खरोखरच नुसता पदार्थ असते, दाणे कुठून आणणार?

जावालाही एका ठिकाणी ठेच लागलीच. चकली हा पदार्थ आहे हे मान्य. मग चकल्यांचा डबा हा पदार्थांचा डबा आहे का? पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण पदार्थांच्या डब्यात कुणी लाडूही टाकेल आणि मग चकलीच्या डब्यात लाडू निघेल. जावाच्या जुन्या ॲरेमध्ये ही 'हो' म्हणायची मुभा आहे आणि लाडू टाकायला गेलं की प्रोग्रॅम चालता चालता अडतो. २००४ साली जावाची पाचवी आवृत्ती आली, तिच्या याद्यांमध्ये हे सरळ नाकारलं: चकल्यांची यादी ही पदार्थांची यादी नव्हे. त्यातून फक्त बघून घ्यायचं असेल तर तसं वेगळं सांगून परवानगी मिळते. एकेका वस्तूला जे लागू ते डब्याला लागू असेलच असं नाही.

माझ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती दोन भागांत झाली. पहिला भाग सोपा होता. यादीत प्रतींऐवजी पत्ते ठेवले. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'पदार्थ' या मूळ साच्यातून मी सूचनेचं उत्तरच काढून टाकलं. आता तिथं फक्त एवढंच लिहिलंय, की प्रत्येक सबक्लासनं आपलं उत्तर दिलंच पाहिजे. अशा अपुऱ्या साच्याला ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात आणि त्यातून थेट वस्तू काढता येत नाही. ते बरोबरच आहे. चकली असते, लाडू असतो, पण नुसता 'पदार्थ' कुणी कधी खाल्लाय? मी पडताळा म्हणून हा बदल यादी सुधारायच्या आधीच करून पाहिला. कंपायलरनं लगेच नकार दिला: पदार्थाची प्रत करता येणार नाही. जी चूक शनिवारी हॉलमध्ये सापडली ती मी आधीच हे केलं असतं तर घरी, टेबलाशीच सापडली असती.

म्हणजे दोष एकट्या कात्रीचा नव्हता. उत्तर माहीत नसताना 'नाही' असं उत्तर मी आधीच छापून ठेवलं होतं, तो जास्त मोठा दोष. 'सूचना नाही' आणि 'सूचना माहीत नाही' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एखाद्या आईनं लेबल वाचून मुलाच्या हातात पाकीट द्यायचं असतं तेव्हा तर फारच.

त्या रात्री सगळं उमगल्यावर भाचीला खरं सांगावं म्हणून फोन हातात घेतला, तर तिचा मंगळवारचा मेसेज न वाचलेला पडून होता. फराळाच्या धांदलीत मी उघडलाच नव्हता. "मावशी, सरांनी विचारलं, सी प्लस प्लसमध्ये कॉपी केली तर? मी म्हटलं काहीच हरवत नाही. मार्क गेले. तुझं उत्तर अर्धं होतं."

मंगळवारी मेसेज वाचला असता तर शनिवारची लेबलं बरोबर निघाली असती का? कदाचित. निदान 'कॉपी' हा शब्द डोक्यात खटकला असता. मी तिला फोन करून माफी मागितली आणि सगळी हकिगत सांगितली. ती हसली नाही. तिनं विचारलं, "त्या मुलानं काही खाल्लं नव्हतं ना?"

नव्हतं. पाकीट त्याच्या घरी गेलंच नव्हतं.

यंदाही फराळ आहे आणि लेबलं माझ्याच प्रोग्रॅममधून निघणार आहेत, मंडळानं भरवसा ठेवला हा त्यांचा मोठेपणा. पण यंदा नियम केलाय: यादीतून छापून आलेलं प्रत्येक पदार्थाचं पहिलं लेबल, पदार्थ करणाऱ्या व्यक्तीनं स्वतः वाचल्याशिवाय पुढचं छापायचं नाही. काकूंना मी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "शेवटची ओळ तुम्हीच तपासायची." त्या म्हणाल्या, "मला तुझं संगणकाचं काही कळत नाही बाई, पण चिवड्यात काय घातलंय ते कळतं."

तुमच्या घरात कुणी मुलगा-मुलगी ही भाषा शिकत असेल, तर त्यांना 'कन्व्हर्ट कसं करायचं' याचं उत्तर देताना आधी एक उलट प्रश्न विचारायला शिकवा: नुसती हाक मारायची आहे, की प्रत काढायची आहे? हाक असेल तर बिनधास्त मारा. प्रत असेल तर काय कापलं जाणार ते आधी बघा.

दिवाळी आनंदाची जावो. चिवडा खाताना लेबल जरूर वाचा, आणि काही चुकलेलं दिसलं तर मला सांगा. मेसेज या वेळी लगेच वाचेन.